वजाबाकीतली बाई

१

नवऱ्याच्या आयुष्यात आपल्याआधी कोणी होती का, हे लग्न ठरताना विचारायचं राहून गेलं. लग्नानंतर विचारायची गरज उरली नाही, कारण तो रोज जेवताना तिच्याबद्दल स्वतःहूनच बोलायचा. ती जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली होती, हा एक दिलासा. आणि ती मुळात होती असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं, हा दुसरा.

नवरा आर्थिक इतिहासाचा प्राध्यापक. इतिहास म्हटल्यावर बायकोच्या माहेरच्यांना तलवारी आणि तह आठवले होते. याचा इतिहास साबणाचा, चहाचा आणि कोळशाचा, आणि तोही सगळा आकड्यांत. गावाच्या कडेला पूर्वी दोरखंडांचा कारखाना होता. मालकाने कामगारांसाठी एकाला एक लागून बैठी घरं बांधली होती. त्या घरांतल्या पुरुषांबद्दल सगळं ठाऊक होतं, अगदी उंची-वजनासकट. बायकांबद्दल कुणी काही टिपून ठेवलंच नव्हतं. पण कारखान्याच्या दुकानातून कुठल्या घरात किती साबण गेला, किती चहा गेला, ते आकडे शाबूत होते. नवऱ्याची पद्धत सरळ होती. घराच्या एकूण वापरातून पुरुषाचा वापर वजा करायचा, मुलांचा वजा करायचा, सांडलवंडीचा आणि उंदरांचा थोडा वजा करायचा. जे उरेल ती बाई.

विभागातल्या एका सहकारी बाईंनी हसत हसत तिचं नाव बाकीबाई ठेवलं आणि ते चिकटलं.

“साबण भरपूर, साखर जवळजवळ नाहीच,” तो ताटावरून सांगायचा. “म्हणजे बघ, ती चहा सगळ्यांच्या शेवटी घेत असणार. त्याच पत्तीवर पाणी ओतून. बिनसाखरेचा.”

हे सांगताना तो बायकोकडे बघायचा नाही. भिंत आणि दार यांच्यामध्ये कुठेतरी बघायचा, डोळे किंचित बारीक करून, ओळखीच्या माणसाची पावलं अंगणात वाजावीत तसा. तो चेहरा तिला फार आवडायचा. सुरुवातीला तिला वाटलं होतं, संसार थोडा मुरला की तो आपल्याही वाट्याला येईल. मग तिच्या लक्षात आलं की त्या चेहऱ्यासाठी आधी माणसाने तिथे नसावं लागतं.

२

राहायला त्यांना त्याच वस्तीतलं एक घर मिळालं होतं. विद्यापीठाने ती रांग घेऊन आतून फोडून-जोडून, ओटे आणि टाइल्स बसवून, प्राध्यापकांना दिली होती. पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्याही मागे एक अरुंद मोरी. मोरीत आता वॉशिंग मशीन होतं आणि ते ठेवल्यावर माणसाला उभं राहायला जेमतेम जागा उरायची.

ती स्वतः कानाच्या डॉक्टरांकडे कामाला होती. काचेच्या बंद खोलीत माणसाला बसवायचं, हेडफोन लावायचा, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि ऐकू आला की बटण दाबा म्हणायचं. मध्ये मध्ये मुद्दाम काहीच सोडायचं नाही. तेव्हाही बरेच जण बटण दाबायचे. ते खोटं बोलत नसत. वाट बघत बसलेल्या कानाला खरंच ऐकू येतं. त्यामुळे ऐकलेल्या गोष्टीवर चटकन विश्वास ठेवायचा नाही, ही तिची धंद्याचीच सवय होती.

त्या सहकारी बाई एका रविवारी घरी आल्या. लग्नापासून तिने आपला सगळा मत्सर या बाईंसाठी राखून ठेवला होता, कारण नवऱ्याच्या बोलण्यात जिवंत बाई ती एवढीच. प्रत्यक्ष भेटल्यावर तो वायाच गेला. बाई गुडघे धरून खुर्चीत बसल्या, आपल्या दोन्ही मुलांच्या खोड्या सांगून मोठ्याने हसल्या आणि बिस्किटांचा फडशा पाडला. मग नवऱ्याकडे वळल्या.

“बाकीत बाईच असते हे कशावरून रे? बाकीत सगळ्यांच्या चुका येऊन पडतात. सांडलेलं, चोरलेलं, मोजायचं राहून गेलेलं. तू त्या ढिगाऱ्याला वेणी घातलीस आणि बसलास प्रेमात पडून.” आणि तिच्याकडे बघून, “वहिनी, लक्ष ठेवा हं याच्यावर.”

ती हसली. तिला पहिल्यांदाच कुणीतरी आपल्या बाजूचं भेटल्यासारखं वाटलं.

नवऱ्याला मात्र ते लागलं. पद्धत खरी की खोटी, हे तपासायचं तर असं घर हवं जिथली सगळी माणसं ठाऊक आहेत. तिथे प्रत्येकाचा वापर वजा केला की बाकी शून्य यायला हवी. असं घर शोधायला त्याला लांब जावं लागलं नाही.

३

मग रोज संध्याकाळी तो स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर साबणाची वडी ठेवायचा, चहाचा आणि साखरेचा डबा ठेवायचा, आणि तिला समोर बसवून विचारायचा. आज चहा कितीदा? साखर किती? हात कशाने धुतलेस? काही सांडलं का? लग्नानंतर एवढ्या बारकाईने तिची चौकशी कुणीच केली नव्हती. ती उगाच आठवून आठवून सांगायची. ते दिवस तिला बरे गेले, हे नंतर तिला स्वतःशीही कबूल करायला लाज वाटली.

बाकी शून्य येईना.

साबण जास्त झिजत होता. चहाची पत्ती जास्त संपत नव्हती, पण उकळून झालेली पत्ती पातेल्यात ठेवली तर पुढच्या वेळी ती फिकी, पुन्हा उकळल्यासारखी दिसायची. पाण्याचा मीटर दोन माणसांच्या मानाने फार पळत होता.

“तू काही सांगायचं विसरतेयस का?” त्याने एकदा जपून विचारलं.

ती विसरत नव्हती. उलट तिच्या डोक्यात भलताच हिशेब सुरू झाला. तो आठवड्यातून काही दिवस घरूनच काम करतो. आपण सकाळी निघतो ते उतरत्या उन्हाला परततो. मधल्या वेळात या घरात कोण हात धुतं? तिने टॉवेल हुंगले, कंगवा उजेडात धरून पाहिला, उशा उलटल्या. तिचेच केस, तिचाच वास. सासूबाईंना फोनवर सहज विचारल्यासारखं करून साबणाचं सांगितलं, तर त्या म्हणाल्या की नव्या संसारात साबण जास्त लागतोच, त्यांनीही पहिल्या वर्षी घरदार घासून काढलं होतं, नंतर कोण विचारतंय.

तेही तिला पटलं. तिला तेव्हा काहीही पटलं असतं.

४

डोकं दुखतंय सांगून तिने एक दिवस रजा घेतली. नवरा विद्यापीठात गेला होता. तिने कपडे मशीनमध्ये टाकले, बटण दाबलं आणि पुढच्या खोलीत मासिक उघडून बसली. बाहेर लख्ख ऊन. समोरच्या घरी कुणीतरी रेडिओ लावला होता.

मशीनची घरघर तिच्या कानाला सवयीची होती. म्हणूनच तिच्या खालचा दुसरा आवाज तिला वेगळा काढता आला. ओला कपडा दगडावर घासल्याचा. दोनदा घासायचा, मग एकदा आपटायचा, मग जरा थांबायचं. मनगटाला विश्रांती द्यायला थांबावं तेवढंच.

तिने मनाशी म्हटलं, बटण दाबू नकोस. वाट बघणाऱ्या कानाला ऐकू येतंच.

ती उठून मोरीत गेली आणि मशीन बंद केलं. घरघर थांबली. घासण्याचा आवाज मात्र तसाच, तिच्या पायाशी, आणखी दोनदा आला. मग तोही थांबला. आपण एकटे नाही हे कुणाच्या तरी लक्षात यावं तसा.

मोरीत कुणी नव्हतं. पण मशीनशेजारची भिंत ओली होती, गुडघ्याच्या उंचीवर, पंख्यासारखे शिंतोडे उडालेली. त्यांच्या घरात खाली बसून कुणी काही धुवत नसे. साबणाची वडी साबणदाणीत नव्हती, फरशीवर होती, आणि तिच्या एका बाजूला अंगठ्याने दाबून दाबून खळगा पडला होता. तिने आपला अंगठा त्यात ठेवून पाहिला. खळगा रुंद होता आणि अजून कोमट होता.

तिने वडी जागेवर ठेवली, भिंत फडक्याने पुसली आणि कपडे वाळत घातले. संध्याकाळी नवऱ्याला ती यातलं अक्षर बोलली नाही. घाबरली होती म्हणून नव्हे. सांगितलं तर तो घाबरणार नाही, त्याचा चेहरा उजळेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं म्हणून.

५

त्याला तिच्या सांगण्याची गरज पडली नाही. काही दिवसांनी तो जेवण अर्धवट टाकून उठला, आतून लॅपटॉप आणला आणि खरकट्या हाताने दोन आलेख शेजारी शेजारी उघडले. एक शंभर वर्षांपूर्वीच्या बाकीबाईचा. एक या घरातल्या बाकीचा. साबणाला साबण, चहाला चहा. एकावर एक ठेवले तर मधून कागद सरकला नसता.

सहकारी बाईंना त्याने दुसऱ्याच दिवशी बोलावलं. त्या नेहमीसारख्या हसत आल्या. मोजण्यात चूक असेल, काटा बिघडला असेल, गळका नळ असेल, त्या म्हणत राहिल्या.

“चुकीला सवयी नसतात,” नवरा म्हणाला. “ही साखर घेत नाही. सुट्टीच्या दिवशी जास्त धुते. आम्ही उशिरा जेवलो तर तीही उशिरा चहा घेते.”

बाईंनी आलेख पुन्हा पाहिले, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. “परत मोज,” त्या म्हणाल्या, पण हसल्या नाहीत, आणि चहा अर्धा ठेवून गेल्या. वहिनींकडे न बघता गेल्या. त्यांना दारापर्यंत सोडून ती कप उचलायला परत येईपर्यंत तो रिकामा झाला होता.

त्यानंतर घराला एक वेगळीच शिस्त लागली. नवरा उकळलेली पत्ती मुद्दाम पातेल्यात ठेवू लागला. मोरीच्या दारातली बादली कुणाला अडू नये म्हणून बाजूला सरकवू लागला. एका संध्याकाळी त्याने दुकानातून वेगळा साबण आणला, महागातला, मऊ.

“तो पिवळा फार कडक आहे,” तो म्हणाला. “हात फाटत असतील.”

कुणाचे, हे तिने विचारलं नाही. कान तपासताना आणि घरी आल्यावरही सारखं जंतुनाशक लावून तिच्या बोटांची पेरं लग्नाच्या आधीपासून फाटलेली होती. याच टेबलावर, त्याच्या ताटासमोर, ती रोज हीच बोटं घेऊन बसत होती.

मत्सर म्हणजे आत काहीतरी जळतं असं ती ऐकून होती. तिला तसं काही झालं नाही. तिला थंड वाटलं आणि डोकं अगदी स्वच्छ झालं. जिच्याशी भांडायचं ती नुसती बाकी होती. आणि बाकी नाहीशी करणं सोपं असतं. ती कुणाच्या तरी नावावर टाकायची.

६

“चहा?” संध्याकाळी त्याने विचारलं.

“सकाळचा एक,” ती म्हणाली. “आणि मग तुझा झाल्यावर, उरलेल्या पत्तीवर पाणी ओतून.”

त्याची पेन्सिल थांबली. “तू?”

“हो. रोजच घेते. बिनसाखरेचा.”

“आधी कधी बोलली नाहीस.”

“त्यात काय बोलायचं?”

त्याने साबणाची वडी काट्यावरून उचलून पुन्हा ठेवली. मग, उत्तर नको असल्यासारखा, हळू आवाजात म्हणाला, “आणि साबण?”

“कपडे हातानेच धुते मी. मशीनमध्ये कॉलर निघत नाहीत.”

“कुठे?”

“मोरीत. खाली बसून.”

खोटं बोलताना तिचा आवाज एकदाही अडखळला नाही. उलट प्रत्येक वाक्याबरोबर खांद्यावर ओल्या कपड्याचं थोडं थोडं वजन येत होतं, आणि अंगठा कशाला तरी दाबत असल्यासारखा अवघडला होता. स्वयंपाकघरात काही वाजलं नाही. एरवी तिथे फ्रिजचा, नळाचा, कशाचा तरी बारीक आवाज असायचा. आता तिथे कुणीतरी कान देऊन ऐकत असल्यासारखं शांत होतं.

नवऱ्याने आकडे तिच्या नावावर टाकले. वजा केले. शून्य आलं.

पद्धत खरी ठरली होती. त्याने खरं तर उड्या मारायला हव्या होत्या. तो टेबलापाशी बसून राहिला, भिंत आणि दार यांच्यामध्ये बघत, आणि तिथे काहीच न दिसल्याने त्याचा चेहरा हळूहळू विझत गेला. कुणी गेल्याचं सांगून माणूस निघून जावा आणि ऐकणारा मागे उरावा, तसा तो दिसत होता. तिला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त बरं वाटलं.

७

थोडे दिवस खरोखर सुखाचे गेले. मोजणं बंद झालं. बाकीबाईचं नाव जेवताना निघेनासं झालं. तो तिच्याकडे बघून बोलायला लागला, सिनेमाला जाऊ म्हणाला.

मग एकदा घरी आल्यावर तिला दोरीवर कपडे दिसले. आदल्या दिवसापासून टोपलीत पडलेले, धुतलेले, पिळून झटकून घातलेले. “बरं झालं धुतलेस,” नवरा आतून म्हणाला. “मला उद्या तोच शर्ट हवा होता.”

ती काय म्हणणार? कपडे मी धुतले नाहीत, असं म्हणायला तिने जागाच ठेवली नव्हती.

तिने बिनसाखरेचा चहा मागितला नव्हता, पण तिच्यापुढे तो यायला लागला. सिनेमाचं ठरलं त्या दिवशी ती तयार होऊन आली तर तो म्हणाला, मघाशी तूच नको म्हणालीस ना, धुणं पडलंय म्हणून. ती मघाशी बसमध्ये होती. एकदा ती जेवायला बसली तर ताट एकच. तू आत्ताच जेवलीस की, उभ्या उभ्या, तो सहज म्हणाला. ती स्वतः वाढून घ्यायला उठली. भात पातेल्याच्या तळाला चिकटलेला होता तेवढाच.

सासूबाईंचा फोन आला तो खास कौतुक करायला. “अगं, आज दुपारी किती मोकळी बोललीस माझ्याशी! मला वाटायचं आमची सून अबोल आहे. कामाचं एवढं वेड या काळात कुणाला असतं? मी तर ह्याला म्हटलं, नशीब काढलंस.”

दुपारी ती काचेच्या खोलीबाहेर बसून एका म्हाताऱ्या गृहस्थांचे कान तपासत होती. ते तिला आठवत होतं. अगदी स्पष्ट आठवत होतं. पण सगळं आठवून झाल्यावर तिने ते पुन्हा पहिल्यापासून आठवून पाहिलं, कारण त्या गृहस्थांनी जाताना तिच्याऐवजी रिकाम्या खुर्चीला नमस्कार केला होता, आणि तेव्हा तिला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

सासूबाईंना ती म्हणाली, “हो, आज जरा वेळ होता.”

८

मग एके दिवशी दवाखान्यात तिच्या जागी कुणीतरी दुसरी मुलगी बसवलेली होती. तपासण्या चालू होत्या. डॉक्टर तिच्या शेजारून दोनदा गेले. ती थोडा वेळ उभी राहिली आणि मग घरी निघाली, कारण सांगायचं कुणाला तर नवऱ्यालाच.

दार लोटलेलं होतं. तिने उंबऱ्यात चपला काढून हातात धरल्या आणि ती आत, दाराजवळच्या भिंतीशी थांबली. वजनकाट्यावर डबे ठेवल्याचा आवाज येत होता. तो पुन्हा मोजत होता. टेबलाशी, दाराकडे पाठ करून, पेन्सिल कानामागे खोचून. तिचा जीव भांड्यात पडला. मोजतोय म्हणजे यालाही काहीतरी जुळत नसल्याचं कळलंय.

“चहा?” त्याने विचारलं.

तिने तोंड उघडलं. उत्तर स्वयंपाकघरातून आलं. बाईचा आवाज, खालच्या पट्टीतला, कामातून मान वर न करता दिलेला. एकच. शेवटी. तो ऐकून घेत होता आणि लिहून घेत होता, घरच्या माणसाशी बोलतो तसा, न बघता. साबण? तिकडून सांगितलं गेलं. भात? तेही.

आतल्या दाराच्या चौकटीतून तिला स्वयंपाकघराचा एक पट्टा दिसत होता. तिथे, माणसाचा हात जिथे असायला हवा त्याच्या पुष्कळ खाली, कोपरापर्यंत ओला एक हात पुढे आला, फरशीवरून काहीतरी उचललं आणि मागे गेला. अंगठा रुंद होता. करंगळीत तिची, लग्नातली अंगठी होती. दुसऱ्या कुठल्या बोटात ती गेलीच नसती.

तिने नवऱ्याला हाक मारली. त्याच्या नावाने, एकट्यात मारते तशी. समोरच्या घरचा रेडिओ चालू होता आणि तिला स्वतःलाही तेवढाच ऐकू आला.

त्याने वजाबाकी केली. मग पेन्सिल खाली ठेवली.

“उरतंय,” तो म्हणाला.

स्वयंपाकघरातलं काम थांबलं.

“थोडंच आहे, पण उरतंय. साखर. जंतुनाशक. सकाळी लवकर थोडं पाणी.” त्याने कागद जवळ ओढला. “आपल्यापैकी कुणी साखर घेत नाही. ही घाईत असणार. कामावर जाणारी. उभ्यानेच चहा घेत असणार, आणि…” तो अडला, आणि पुढचं फार जपून म्हणाला, “हिच्या हातांना भेगा असणार.”

आणि तो वळला. भिंत आणि दार यांच्यामध्ये, ती उभी होती नेमकं तिथे, त्याने डोळे किंचित बारीक करून पाहिलं. नजर तिच्यावर ठरली नाही, तिच्यातून जराशी पलीकडे गेली. पण चेहरा उजळत होता. सगळा, कपाळापासून हनुवटीपर्यंत, फक्त तिच्यासाठी.

आत फरशीवर काहीतरी जोरात आदळलं. तिकडे तिचं लक्ष नव्हतं. हातातल्या चपला वाजू नयेत म्हणून तिने त्या छातीशी धरल्या, श्वास लहान केला आणि होती तशीच उभी राहिली. आपण जरा जरी हललो तर तो चेहरा मावळेल, एवढीच भीती आता तिला वाटत होती.